स्पॅनिश दुकानाची सल्लागार

४ मार्च
लेकीच्या शहरात राहायला येऊन सात आठवडे झाले. बोलण्यालायक माणूस भेटलेला नाही. मला गरजही नाही. टेलिफोन खात्यात तीस ऑपरेटर मुलींना छत्तीस वर्षं गप्प बसवलंय मी. शांतता आवडते.
आज कोपऱ्यावर खोलीएवढं दुकान सापडलं. फक्त स्पॅनिश खाणं. काउंटरवर लाकडी फळी, तिच्यावर मेंढीच्या दुधाच्या चीजचे तुकडे, टूथपिक टोचलेले. चाखायला, फुकट. मीठ जास्त आहे, असं मी सांगितलं. टकलू दुकानदार म्हणाला, मॅडम, तुम्हाला जाण आहे, येत जा.
याला म्हणतात पारख.

५ मार्च, सकाळी ११
आठवड्यातून एकदाच जायचं ठरवलं होतं. पण माणसाने आपणहून बोलावलंय. ऑलिव्ह चाखले. चार. सल्लागाराने एकावरून मत देऊ नये.

९ मार्च
रोज अकराला हजेरी. आज धुराच्या वासाची लाल मिरचीपूड विकत घेतली. सर्वांत छोटा डबा. लेक म्हणते, आई, त्याचा धंदा आहे, तो सगळ्यांनाच येत जा म्हणतो. तुला म्हणाला का, विचारलं. भाजी चिरायला लागली.

११ मार्च
घरी स्पॅनिश पद्धतीचं बटाट्याचं ऑम्लेट. पॅनवर ताटली ठेवून उलटवायचं असतं. उलटलं. निम्मं ताटलीत, निम्मं जावयांच्या चपलेवर. जावई म्हणाले, चव छान आहे. कोणत्या अर्ध्याची, ते सांगितलं नाही. पॅन हलक्या प्रतीचा आहे.

१४ मार्च
फळीपाशी पाटी लागलीय: एका गिऱ्हाइकाला एकच तुकडा. बरं झालं. टोपीवाले एक म्हातारे रोज दोन उचलतात. दुकानदार भिडस्त. मीच फळीपाशी उभी राहिले. टोपीवाल्यांना विचारलं, घरी जेवायला घालत नाहीत वाटतं? तरातरा आत निघून गेले. एका बाईचा हात वरच्या वर धरला, तर ती काहीच न घेता गेली. शिस्त लागायला वेळ लागतो.
मी सात तुकडे तपासले.

१५ मार्च
विश्वासघात! दुकानदाराने लेकीला फोन केला. घरचा नंबर मीच दिला होता, सल्ला लागला तर म्हणून. मॅडमना सांगा, घ्यायचं ते घ्या आणि निघा. लेक म्हणाली, आई, ती पाटी तुझ्यासाठीच होती गं. आणि ते टोपीवाले त्याचे सासरे आहेत.
माझ्या तोंडावर बोलायची छाती नव्हती. गोडबोल्या मेला! आजपासून बहिष्कार. येईल नाक घासत.

१८ मार्च
फोन नाही. लाइन बिघडली असावी.
तपासली. चालू आहे.

१९ मार्च
दुकानासमोरच्या बसस्टॉपवर बसले होते, अकरा ते सव्वाबारा. पाय मोकळे करायला. दुकानात ही गर्दी! तेवढ्यात तो बाहेर आला आणि रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे. मी उत्तर तयार ठेवलं: ‘विचार करून कळवते.’
म्हणाला, आजी, बस चुकली का?
आजी!
म्हटलं, येतेच आहे माझी बस. तर नेमकी आली. त्याने दंडाला धरून वर चढवलं, आणि बस सुटेपर्यंत हात हलवत उभा राहिला. ड्रायव्हरने विचारलं, कुठे जायचंय?
या शहरात त्या दुकानाखेरीज मला एकही ठिकाण माहीत नाही. म्हटलं, शेवटच्या स्टॉपला.