तळ्याकाठचे एकेचाळीस ठिपके

३ फेब्रुवारी, सोमवार

झाला एकदाचा नकाशा! तीन वर्षांतले शहरातले सगळे अपघात, एकेक लाल ठिपका. तळ्याकाठच्या वळणावर एकेचाळीस! बाकी कुठेही एका जागी सहाच्या वर नाहीत. पालिकेतले आमचे साहेब खूश. उपाय सरळ – रस्ता रुंद करायचा, काठावरची सत्तावीस जुनी झाडं काढायची. झाडांचा विषय कुणीतरी काढलाच. "माणसांच्या जिवापुढे झाडं काय?" – असं मीच म्हणाले, भर बैठकीत. चांगलं ठासून.

५ फेब्रुवारी, बुधवार

मंजुरी आली. सतरा तारखेला तोड.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सहज नकाशा मोठा करून बघितला. अजून मोठा. अजून. ठिपके काही सुटे होईनात! एकेचाळीसच्या एकेचाळीस एकावर एक. एवढी माणसं बरोबर एकाच फरशीवर कशी पडतील? त्या फरशीवर काय आहे ते शोधलं. पोलिस चौकीचं दार.

जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

चौकीवर गेले. नोंदी करणारे हवालदार – मिशा ह्या एवढ्या, आवाज मात्र मऊ. विचारलं, हे सगळे अपघात तुमच्या दारातच कसे हो? ते म्हणाले, "बाई, नक्की जागा मोजलेली नसली की आम्ही चौकीचीच टाकतो. रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकतच नाही!"

"मग अपघात झाले कुठे?"

"ते वहीत आहे की!"

वही! तीन वर्षं कपाटात ती वही आहे आणि मला कुणी सांगितलं नाही. खरं तर मीच कुणाला विचारलं नाही. दोघं वाचत बसलो. 'टाकीच्या उतारावर, दिवा नाही.' 'उतार संपतो तिथे, सायकलवाला.' 'टाकीखाली.' 'टाकीखाली.' वाचता वाचता हवालदार बोटांवर मोजू लागले. तेवीस अपघात पाण्याच्या टाकीखालच्या उतारावरचे. बाकीचे इकडेतिकडे. तळ्याच्या वळणावर दोन!

म्हणजे पैसा, माणसं, यंत्रं सगळं तळ्याकाठी जाणार, आणि उतार तसाच अंधारात राहणार. माझ्या नकाशामुळे.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग उद्या गेल्या गेल्या साहेबांना सांग. त्यात रडायचं काय?"

हो म्हणाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं. साहेब सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होते हो! तोंडच उघडेना. भित्री कुठली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. साहेब पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाले, "चूक चौकीची म्हणायची की आपली?"

"माझी. तपासलं नाही आणि ठासून बोलले."

ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. तोड थांबवतो म्हणाले. पण उताराचं काम नुसत्या वहीवर मिळणार नाही, प्रत्येक अपघाताची मोजलेली जागा हवी – आणि तीही शुक्रवारच्या बैठकीआधी. पुढची बैठक थेट दोन महिन्यांनी. हातात दोन दिवस!

तरी बाहेर आले तेव्हा हलकं हलकं वाटत होतं. आईला फोन केला. "बघ, खाल्लं का त्यांनी तुला?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी तळ्यावर चक्कर मारली. झाडांच्या बुंध्यांवर पांढरे आकडे – एक ते सत्तावीस. मुळं थेट काठाच्या मातीत गुंतलेली. झाडं गेली असती तर पावसाळ्यात ही सगळी माती तळ्यात. पर्यावरण विभागाला आता काठाचा आणि उतारावरून वाहून येणाऱ्या पाण्याचा मिळून एक नकाशा हवाय, उद्याच्या उद्या. तो मलाच करायचाय.

म्हणून हवालदारांना फोन केला. वही घ्या, मोबाइल घ्या, उतारावर जाऊन जागा मोजून आणा. "मिशा कुरवाळत खुर्चीत बसणं पुरे झालं!" असंही म्हणाले. ते खळखळून हसले. "जातो बाई, जातो. पहाटेच जातो, गाड्या कमी असतात." किती गोड माणूस आहे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आठला दवाखान्यातून हवालदारांचा फोन. आवाज एकदम बारीक. "बाई, तेविसाच्या तेवीस मोजल्या. चोविसावी पण लिहून घ्या – माझी. टेम्पोवाल्याला अंधारात दिसलोच नाही मी. पाय गेला कामातून, डोकं शाबूत आहे."

सोमवारीच साहेबांना सांगितलं असतं तर एवढी घाई नसती. भरदिवसा दोघं मिळून गेलो असतो.

चोविसावा ठिपका मी टाकला. जागा अगदी बरोबर आहे.