रंग उतरवून ये

रविवार, नऊ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावजी आणि पिल्लू बरे असाल. पिल्लू आता धरून उभं राहतं असं आई म्हणाली. मी ठीक. नोकरी लागली, चष्म्याच्या दुकानात. बाबांना सांग, म्हणजे कॉलेज सोडल्यापासून धरलेला अबोला सुटेल. केसही काळे केलेत, हेही सांग. हिरव्या केसांवरून त्यांनीच मला पोपट नाव ठेवलं होतं. आता काय म्हणतील, कावळा?

ताई, एक गोष्ट मला सुटत नाहीये. माझ्या वर्गातली ती तुला माहीत आहे. (नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढचं सुचत नाही.) तिचे आजोबा समुद्रापलीकडून आले. ती इथेच जन्मली, तरी रंग बघून लोक तिला विचारतात, परत कधी जाणार?

आम्ही दोघं एका दुकानात काम मागायला गेलो होतो. मालक मला म्हणाले, "रंग उतरवून सोमवारी ये." तिला म्हणाले, "कळवतो."

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बघितलंस? मला केसांवरून, तुला कातडीवरून. आपलं दुखणं एकच."

ती हसली. "तुला निदान काय उतरवायचं ते सांगितलं."

मी भडकलो. आमच्या बँडचा ड्रमवाला आठवतो ना? नखं काळी रंगवतो म्हणून बसस्टॉपवर धरून बदडला त्याला, दात पाडले. मी तेच सुनावलं. "ते दात काय खोटे होते?"

"दवाखान्यात त्याच्याजवळ मीच बसले होते रे. दुखतं सगळ्यांनाच. मोजायला तू बसलास."

आणि गेली. फोन उचलत नाही.

माझ्या डोक्याचा भुगा झालाय. ड्रमवाल्याने नखं पुसली असती तर मारातून वाचला असता. म्हणून चूक त्याची का? नाही ना? मग माझं काय चुकलं?

हो, दुकान तेच. सोमवारी काळे केस घेऊन मी गेलो. वर लिहिलं नाही, कारण लिहिताना बरं दिसेना.

काल ती दुकानात आली. चष्म्याची काडी ढिली झाली होती. मालक माझ्या कानाशी लागले, "जरा लक्ष ठेव हिच्यावर." ताई, दोन वर्षं मी दुसरं केलंय काय? कपाटापाशी उभा राहून बघत राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे. मग पर्स उघडून एकेक वस्तू काउंटरवर मांडली. रुमाल, किल्ल्या, कंगवा.

"नीट बघून घ्या, दादा."

मला म्हणाली. दादा.

मी स्क्रू पिळून दिला. तोही धड बसला नाही.

लहानपणी आत्या माझ्यासाठी चेंडू आणायची आणि तुझ्यासाठी गोरं व्हायची क्रीम. तू हसून घ्यायचीस. मला वाटायचं, तुला ती क्रीम आवडते. ही त्या दिवशी दुकानाबाहेर अगदी तशीच हसली. ते हसू कसलं असतं गं? तू कधी बोलली का नाहीस?

लवकर लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल. खाली नाव लिहायला गेलो तर हात अडला.

तुझा,
आधीचा पोपट