पायांको दिसला, पण आणणार नाही

प्रिय बाबांना सेल्विनाचा नमस्कार.

मी बरी आहे. प्राण्यांच्या पाहणीसाठी आलो आहोत तिथे, वर डोंगरात, गारठा असतो, पण मोज्यांचे दोन जोड घालते. आईचा खोकला थांबला का?

तुमचं आणि ओबेदकाकांचं भांडण मिटवायला पंचांनी घातलेली अट मी विसरलेले नाही: आपण डोंगरातला क्वचितच दिसणारा प्राणी, पायांको, आणायचा, काकांनी समुद्रातला मोठा मासा. परवा पहाटे पायांको मला दिसला. काटेरी पाठ आणि लांब नाक घेऊन तो धुक्यातून इतका सावकाश आला, की मी अजून झोपेतच आहे असं वाटलं. सोबतची याकोबा कुजबुजली, "हलू नकोस गं, तुझे आजोबा चष्मा शोधतायत."

आमच्या पाहणीच्या प्रमुख बाई सांगतात, अंडी घालून पिल्लांना दूध पाजणाऱ्या पाचच जाती जगात उरल्यात, आणि पायांको त्यातलाच एक. बाबा, त्याला धरायला माझा हात धजला नाही. जागाही तुम्हाला सांगणार नाही. रागावलात का?

तुम्ही तसेच काकांकडे जा. पायांको डोंगरात आहे, हे मी पंचांसमोर शपथेवर सांगेन. आईने लिहिलं होतं, काकांचं जाळंही वर्षानुवर्षं रिकामंच येतं. दोघांचेही हात मोकळे असले, तर हातात हात घेणं सोपं जाईल ना?

पहिल्यांदाच तुमचं न ऐकणारी,
सेल्विना