शेजारच्या खाटेवरचे मास्तर

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

दुकान ठीक चाललंय. शिडीवरून पडल्यापासून मी वर चढत नाही. खाली बसून काचा कापतो, बसवायला भागीदार जातो. पाठ बरी आहे. गोळ्यांचं मात्र बरं नाही. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून दिलेल्या. दुखणं गेलं, त्या ठाण मांडून बसल्या. एक वेळ चुकली की घाम सुटतो, पोट बिघडतं, हात असे थरथरतात की परवा एका गिऱ्हाइकाचा आरसा माझ्या हातात तडकला. ही काही बोलत नाही. गोळ्यांचं कपाट वाजलं की फक्त मान वर करून बघते.

आता मी ठरवलंय. गावाबाहेर एक जण एका झाडाच्या मुळाची साल देतो. पूर्वी रोपं विकायचा, म्हणून सगळे त्याला माळीकाका म्हणतात. सालीची पूड एकदाच घ्यायची, रात्रभर पडून राहायचं, की तलफ जाते. इस्पितळात बदली औषध देतात, पण ते किती वर्षं घ्यावं लागेल कोण जाणे. भागीदाराचा मेहुणा या सालीनेच सुटला. शेवटी झाडपाल्याचं औषध ते, अपाय काय होणार?

भाऊजींना नमस्कार. रागावून झालं की उरलेली माया पाठवून दे.

तुझा,
टिल्लू


११ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला मी अजून टिल्लू म्हणते, कारण अक्कल अजून तेवढीच आहे. झाडपाल्याचं आहे म्हणे! तुझ्या गोळ्या ज्या अफूच्या जातीच्या, ती अफू काय कारखान्यात उगवते?

मी हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरी मोजणारी बाई, मला यातलं काय कळणार? म्हणून माझं ब्लडप्रेशर बघतात त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा एका सालीने काही लोकांची तलफ कमी होते, हे खोटं नाही. पण तिने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, अगदी धडधाकट माणसाचेसुद्धा. शिवाय त्या पुडीत काय आहे, तिचा जोर किती, हे कुणीच तपासलेलं नसतं. आधी हृदयाचा आलेख काढायला हवा, आणि घेताना डॉक्टर उशाशी हवा.

तुझ्या माळीकाकाकडे यंत्र आहे? डॉक्टर आहे? की नुसताच झारी घेऊन बसतो? तसं कळव, आणि माझं उत्तर येईपर्यंत जाऊ नकोस. तुझ्या बायकोला सांग, कपाट वाजलं की मान वर करून भागणार नाही, तोंडही उघड.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा जीव तुझ्यात आहे, हे दर वेळी लिहायला लावू नकोस.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर मी जाऊन आलो होतो.

तलफ गेली. खरंच गेली. रात्रभर उलट्या झाल्या, कानात भुंगा घोंघावत होता, भिंती पुढेमागे सरकत होत्या. आपली लहानपणची खोली दिसली; तू मला चिमटे काढत होतीस. सकाळी उठलो तर गोळीची आठवणच नाही. हात स्थिर आहेत. काल मोठा आरसा एका रेघेत कापला. ही हसली.

शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते, शाळेत चित्रकला शिकवणारे. त्यांनी माझे कान कागदावर काढून दाखवले, हत्तीला शोभतील असे. ते माझ्या आधीच गेले.

यंत्राचं विचारलं होतंस. तसलं काही तिथे नव्हतं. बाकी विशेष नाही.

आहे तसाच लोभ ठेव.

टिल्लू


१६ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना दोनदा वाचून दाखवलं. मी हरले, तू जिंकलास. असं हरायला मी रोज तयार आहे. एवढंसंच का लिहिलंस, ते मात्र कळलं नाही. तू तर भाजीतलं मीठ कमी पडलं तरी पानभर लिहिणारा.

एक काम आहे. माझ्या शेजारी इस्त्रीला एक बाई असते. तिच्या मुलीचा पाय मोडला, आणि तुझं झालं तेच तिचं झालं. पोरीचं लग्न ठरलेलं मोडलं, नोकरी सुटली. तुझं पत्र मी तिच्या आईला दाखवलं तर ती माझा हात धरून रडलीच. डॉक्टरीणबाईंचं मी ऐकलं असतं, पण तुझं उदाहरण माझ्यासमोर आहे. या शनिवारी मायलेकी निघायचं म्हणताहेत. माळीकाकाचा पत्ता लगेच कळव.

दोघांना माझी आठवण. खुशालीला खंड पडू देऊ नकोस.

ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर, पत्ता देणार नाही, त्यांना जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हणून मी फोन ठेवला. तू चिडली असशील. आता नीट लिहितो.

मास्तर गेले असं लिहिलं होतं. ते वारले, ताई. आम्हाला एकाच बरणीतली पूड, एकाच चमच्याने दिली. पहाटेपूर्वी त्यांचा श्वास घरघरायला लागला. माझं अंग मला उचलत नव्हतं. मी काकाला हाका मारल्या. तो आला, मास्तरांचे तळवे चोळत बसला. गाडी बोलव म्हटलं, तर म्हणाला, असं होतं, उतरेल. उजाडेपर्यंत मास्तर थंड पडले.

नंतर तो मला म्हणाला, त्यांनी चोरून आपल्या गोळ्या खाल्ल्या असं सांगायचं. नाहीतर ही जागा बंद होईल आणि तुझ्यासारखे कितीतरी अडकून पडतील. माझी तलफ गेली होती. मला तो देवासारखा वाटत होता. मी होकाराची मान हलवली. मास्तरांच्या घरच्यांनाही त्याने तेच सांगितलं.

तलफ परत आली आहे. हळूच आली, पण आली. इस्पितळात गेलो. तिथली डॉक्टर म्हणाली, आता अंगाला सवय राहिलेली नाही, पूर्वीइतक्या गोळ्या घेतल्या असत्या तर तिथेच संपला असता. बदली औषध सुरू केलंय. ही रोज बरोबर येते, आणि सगळं सांगितल्यापासून तोंडही उघडते. तुझ्या त्या बाईला तिच्या मुलीला इस्पितळातच न्यायला सांग. काकाबद्दल पोलिसांकडे जबानी दिली आहे.

काल मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि एकच विचारलं, त्यांनी खरंच गोळ्या घेतल्या होत्या का? मी म्हटलं, नाही. दारातच सगळ्या काकाच्या हातावर ठेवल्या, माझ्यासमोर. ह्यांनी गोळ्या सोडायचा शब्द मोडला म्हणून मी ह्यांचं तोंड शेवटचं बघायलाही गेले नाही, असं त्या म्हणाल्या. मग आतून मुलीला बोलावलं, माझ्यासमोर बसवलं, आणि म्हणाल्या, आता हे हिला सांगा.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तुझ्या रागालाही जागा आहे, लोभालाही. काय पाठवायचं ते तू ठरव.

तुझा,
टिल्लू