शनिवारच्या एकशे आठ गोळ्या

सरोजिनी नगर, दिल्ली
५ सप्टेंबर २०२५

चि. स्वरूपास आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक.

फोनवर बोलले की तुझी आई कान लावते, म्हणून लिहिते. चौथी नापास बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस.

आजोबा रविवारी गळ टाकून बसतात ते गुरगावपलीकडचं तळं आजारी आहे. माशांच्या अंगावर लाल चट्टे. सकाळी तोंडं वर काढून धापा टाकतात. राखणदार श्याम म्हणतो, रोज चार-पाच मरून तरंगतात. तळ्याची कमिटी महिनाभर बघणार, मग तळं बुजवून तिथे गाड्या लावणार. म्हणजे आजोबा रविवारी दिवसभर घरात. विचार कर माझा.

मला शंका आहे ती अशी. तुझ्या बाबाची बदली पुण्याला व्हावी म्हणून ज्योतिषाने आईला सांगितलं, दर शनिवारी माशांना कणकेच्या एकशे आठ गोळ्या घाल. तिने ते शेजारणींना सांगितलं. आता तीस बायका येतात. मासे खाऊन खाणार किती? बाकीचं तळाशी कुजतं. तू माशांचंच कॉलेज करतेस, तर खरं काय ते कळव.

माया आहेच, ती लिहून दाखवायची नसते.
आजी

रत्नागिरी
१४ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.

तुझी शंका बिल्कुल बरोबर. आमचे सर म्हणाले, आजींनाच शिकवायला बोलवा. कणीक कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे अशक्त होतात, मग चट्टे येतात. गोळ्या बंद करा, थोडं थोडं पाणी बदला. चुना श्यामभैयांनी मोजूनच टाकावा, माप मागच्या पानावर आहे.

आईला मात्र हळू सांग, यार. तीन वर्षं ती त्या बदलीची वाट बघतेय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी स्वरूपा

सरोजिनी नगर
१३ ऑक्टोबर

चि. स्वरूपास आशीर्वाद.

हळू सांगायला मला येत नाही. तुझ्या आईला तळ्यावर नेलं, मेलेला रोहू पुढ्यात ठेवला आणि विचारलं, हा कितव्या गोळीला गेला? रडली बिचारी. मग मीच पदर पुढे केला.

बाकीच्या बायका ऐकेनात, माझ्या हिंदीला हसत बसल्या. तेव्हा तुझ्या आईनेच त्यांना बजावलं, की मासाच मेला तर पुण्य कुठून मिळणार. मला हे सुचलं नव्हतं. आता श्यामची बायको राधा फाटकात परात घेऊन बसते. कणीक तिच्याकडे, तिथून गाईंना.

बदलीचा पत्ता नाही. आई म्हणते, तुम्ही गोळ्या थांबवल्यात म्हणून. म्हटलं, असू दे माझ्या माथी.

काल कमिटी बघायला आली. तिच्यासमोर आजोबांच्या गळाला दीड किलोचा रोहू लागला. अंगावर एक डाग नाही. कमिटीवाल्यांनी उलटापालटा करून बघितला आणि तळं राहणार म्हणाले. मी इकडे घरी ओलं खोबरं वाटून बसलेली. तर ह्यांनी तो परत पाण्यात सोडला. म्हणे, आत्ताच दुखण्यातून उठलाय.

त्या वाटणात दुधी घातला. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

दिवाळीला ये, म्हणजे उरलेला लोभ समक्ष देते.
आजी