काटा एकवर

सान्ता रोझाल्बा, पो नदीचा डावा बांध
रविवार, १४ ऑक्टोबर १९८४, दुपारचे तीन

आदरणीय फेदेले दाजी यांस,

ओलिंदोचा नमस्कार. आधी तुमच्या उजव्या गुडघ्याला, मग नोरिनाताईला, आणि काही उरला तर तुम्हाला. मिलानच्या दमट हवेत गुडघा बरा होणार नाही हे मी लग्नातच सांगितलं होतं, तेव्हा माझं कुणी ऐकलं नाही. (माझं न ऐकण्याची आपल्या घराण्याला सवयच आहे, त्याबद्दल खाली येतंच.) ताईला म्हणावं, डुकराच्या मांसाचं सलामी सॉसेज या वर्षी उत्तम जमलंय. आमच्या सौ. आयोलांदाची कंबर ठीक, ईल मासे जाडजूड, धुकं वेळेवर, नदी अजून सभ्यपणे वागते आहे. माझंही पित्त आज सकाळी अकरा वाजेपर्यंत शांत होतं.

तुमचं गेल्या आठवड्याचं पत्र पोचलं. त्यात तुम्ही मला तीन ठिकाणी विचारलंय, ‘अँटेनाची केबल तपासली का?’ दाजी, तुमच्याकडे सरकारी परवाना आहे, परीक्षेचा शिक्का आहे, जपानशी मोर्सची खटखट करून बोलता, सगळं मान्य. पण केबल म्हणजे काय पाण्याचा नळ आहे गळायला? मी एकोणीसशे एकाहत्तरपासून, कुठल्याही मास्तराच्या पाया न पडता, रेडिओच्या पोटात हात घालतोय. परवानेवाल्यांचं हेच असतं. उत्तर सुचलं नाही की म्हणायचं, केबल बघा. डॉक्टर नाही का म्हणत, पोट साफ होतं का?

आता मूळ प्रकरण. आपल्या रेडिओ मंडळाचं तुम्हाला ठाऊक आहेच. पावसाळी शरद ऋतूत नदी चढायला लागली की मंडळाची माणसं हातरेडिओ घेऊन बांधावर उभी राहतात, आणि दर तासाला पाणी कुठल्या खुणेला आलं ते एका मुख्य केंद्राला कळवतात. ते केंद्र नगरपालिकेला कळवतं. अकरा वर्षं हे मुख्य केंद्र म्हणजे मी. ‘अ‍ॅडमिरल’ अशी हाक आली की अख्खा बांध कान टवकारतो. (समुद्र इथून बराच लांब आहे, हा विनोद लोकांनी करून झालाय, तुम्ही नका करू.) या वर्षी मंडळाचे अध्यक्ष, भूमापक बेल्त्रामे, यांच्या डोक्यात लोकशाही शिरली. म्हणाले, केंद्र कुणाचं ते चाचणी घेऊन ठरवू. रविवारी प्रार्थना सुटल्यावर आम्ही उत्तरेच्या टेकडीवर वही घेऊन बसतो, उमेदवारांनी आपापल्या घरून बोलायचं, ज्याचा आवाज स्पष्ट त्याचं केंद्र. उमेदवार कोण? मी. आणि दुसरी माझी शेजारीण, आर्जिया तेस्सारिन.

आर्जियाबाई विधवा आहे, सव्वीस कोंबड्या पाळते, आणि रेडिओवर तिचं नावही ‘कोंबडी’च आहे. बाईंबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिच्या अँटेनाबद्दल आहे. दाजी, तुम्ही जेवून उठला असाल तरच पुढे वाचा. खुराड्याच्या जाळीतून उरलेली तार, दोन सारखे तुकडे, एक अंजिराच्या झाडाला बांधलेला, दुसरा बाल्कनीला. मध्ये खालून केबल आणून जोडलेली. मोजली कशाने? हाताने! नाकापासून बोटापर्यंत एक माप, अशी तीन, आणि ‘थोडी कमी’. मी विचारलं, थोडी म्हणजे किती मिलिमीटर, तर म्हणाली, ‘ओलिंदो, काटा खाली येईपर्यंत रे!’ तिच्या मीटरचा काटा येऊन थांबलाय अडीचवर. म्हणजे वर पाठवलेल्या ताकदीतला चांगला पाचातला एक वाटा परत फिरून रेडिओवरच आदळतो. शिवाय त्या तारेवर ती सोमवारी चादरी वाळत घालते. असल्या गोष्टीला अँटेना म्हणायचं तर माझ्या विजारीच्या नाडीनं काय पाप केलंय?

आता माझ्या अँटेनाचं ऐका. एक उभा दांडा, खाली चार तिरपे दांडे, छपरापासून सहा मीटर उंच नळीवर. उभ्या दांड्याची लांबी मी सात दिवस घेऊन ठरवली. छपरावर ओळंबा, वर्नियर मोजपट्टी आणि आयोलांदा (शिडी धरायला) असा सरंजाम. अर्धा मिलिमीटर कापायचं, खाली उतरायचं, काटा बघायचा, पुन्हा वर. वर केबल दांड्याला मिळते तो जोड पावसापासून वाचवायला लोक चिकटपट्टी गुंडाळतात. बाजारू उपाय. मी विचार केला, पाणी कशाला घाबरतं? चरबीला. म्हणून आपल्याच डुकराची चरबी वितळवून जोडावर तीन थर दिले. इतकं सुंदर दिसत होतं की कावळे रोज सकाळी येऊन दांड्यावर बसतात आणि तासन्‌तास वाकून वाकून जोड न्याहाळतात. पाखरांनाही कळतं हो, फक्त मंडळाला कळत नाही.

आणि काटा? दाजी, एकवर, म्हणजे परत काहीच येत नाही. नुसता एकवर नाही, तिथे खिळून. चॅनेल एकला एक, चॅनेल चाळीसला एक. असला सपाट काटा तुमच्या परवानेवाल्यांनी स्वप्नात पाहिला नसेल. मागच्या महिन्यातल्या वादळात चौथा दांडा मोडून आर्जियाच्या खुराड्यावर जाऊन पडला, तरी काटा एकवर! याला म्हणतात रचना. मीटरचा फोटो काढून शनिवारीच वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. दिवाणखान्यात, नोरिनाताईच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावावा.

शिवाय पुरावे कमी नाहीत. पूर्वी मी बोलायला लागलो की समोरच्या चार घरांच्या टीव्हीत माझा आवाज घुसायचा आणि ऐन पेनल्टीच्या वेळी लोक खिडकीतून माझ्या आईचं नाव काढायचे. पाद्री सिल्व्हिओंच्या ध्वनिक्षेपकातून एकदा प्रवचनात मीच म्हणालो होतो, ‘पुढं बोला, ऐकतोय.’ वादळानंतर हे सगळं बंद! चारही घरं येऊन आभार मानून गेली. पाद्री सिल्व्हिओंनी तर स्वतः ग्राप्पा दारूची बाटली आणून दिली. याहून शुद्ध लहर कुठे असते? एकच कुरबुर म्हणजे रेडिओमागच्या फळीवर रोज ओलं वर्तुळ दिसतं. मी आयोलांदाला ठणकावून सांगितलं, कुंडी हलव. ती म्हणते तिथे कुंडी नाहीच. बायकांशी कुठे वाद घालायचा!

तर आज अकरा वाजता. मी दाढी केली. (आवाज स्वच्छ येतो.) बेल्त्राम्यांनी ठरवून दिलेलं वाक्य सावकाश म्हटलं, ‘पाणी तिसऱ्या खुणेला, बांध कोरडा.’ टेकडी गप्प. पुन्हा म्हटलं. मग आर्जियाच्या उघड्या खिडकीतल्या रेडिओतून बेल्त्रामे म्हणतात, ‘अ‍ॅडमिरल, सुरू करा की, आम्ही ताटकळलोय.’ मी तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने म्हटलं की आयोलांदा स्वयंपाकघरातून ओरडली, ‘कोरडा तर कोरडा, किती सांगाल!’ एवढ्यात ती आर्जिया लागली बोलायला, चुलीवर ईल तळता तळता. टेकडीवरून बेल्त्राम्यांनी काय म्हणावं? ‘कोंबडीबाई, तेल जरा जास्त तापलंय, चरचर ऐकू येतेय.’ आणि पुढे, ‘जाता जाता अ‍ॅडमिरलला विचारा, बरा आहे ना?’

मग त्या बाईनं कुंपणावरून हाक मारली, हातात झारा. ‘ओलिंदो, ए ओलिंदो! टेकडीवाले विचारतायत, झोपलास का?’

मी म्हटलं, ‘त्यांना सांग, कान धुवून या!’

ती आत गेली, बाहेर आली. ‘ते म्हणतायत, धुतले. तरी तू ऐकू येत नाहीस.’

अकरा वर्षांचं केंद्र, आणि माझा निरोप जातोय खुराड्यावरून! बेल्त्राम्यांनी जाता जाता उपकार केल्यासारखं जाहीर केलं की नियम आहे. ज्याच्या साहित्यात दोष निघाला, त्यानं दोष काय ते लिहून, खाली सही करून, बुधवारपर्यंत द्यावं, त्याला पुढच्या रविवारी पुन्हा संधी. नाही दिलं तर केंद्र कोंबडीकडे. म्हणजे ऐकणारे बहिरे, आणि कबुली मी द्यायची! काटा एकवर असलेल्या माणसानं दोष लिहायचा तरी कुठला? मी लिहिणार नाही. केंद्र गेलं तर गेलं. उद्या पाणी चढलं की कळेल त्यांना, हाक कुणाला मारायची असते ती.

ताईला आशीर्वाद कळवा, ती मोठी असली तरी. गुडघ्याला कोबीचं पान बांधा.

आपला, अजून तरी अ‍ॅडमिरल,
ओलिंदो बार्बुयानी

ता. क. (सोमवार सकाळ) पत्र पेटीत टाकायला निघालोच होतो. दारात आर्जिया, हातात माझा मोडका दांडा. म्हणाली, ‘हा घे, कोंबड्या याच्यावर झोपायला लागल्यात. आणि एक विचारू? दांडा मोडला तरी काटा हलला नाही म्हणतोस, तर काटा नक्की कशाकडे बघतोय रे?’ मी तिला समजावणार होतो, पण तेवढ्यात तिनं रेडिओमागची पिन फिरवून काढली. दाजी, केबलमधून पाणी आलं. थेंब नव्हे. आयोलांदानं पेला धरला, तो भरला. वर चढून पाहिलं तर जोडावर चरबीचा मागमूस नाही, चोचींच्या खुणा तेवढ्या आहेत. म्हणजे मी जे काही बोलत होतो ते केबलच पिऊन टाकत होती. वर काही पोचतच नव्हतं, म्हणून परतही काही येत नव्हतं, म्हणून काटा एकवर. (आयोलांदानं पेला खिडकीत ठेवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.)

ता. क. २ (सोमवार संध्याकाळ) तरी विनंती विशेष ही, की तुमच्या ओळखीच्या दुकानातून चांगली जाड केबल, बावीस मीटर, शुक्रवारच्या आत गाडीनं पाठवावी. पुडक्यावर ‘लोकर’ लिहावं. ती माझ्यासाठी नाही. आर्जियानं आज दुपारी स्वतःची केबल उतरवून माझ्या नळीवर चढवली आणि दांडाही बसवला. मी म्हटलं, अगं, तू रविवारी बोलणार कशी? म्हणाली, ‘मला कुठे केंद्र हवंय? पुराच्या रात्री जागत बसू की कोंबड्या माडीवर चढवू? मी उभी राहिले ते तू गेले पाच आठवडे कुणालाच ऐकू येत नव्हतास म्हणून. सांगायचं कुणी तुला?’ माझा काटा आता एक पूर्णांक सहावर आहे. बेल्त्रामे पहिल्याच हाकेला उत्तरले. समोरच्या चारही घरांनी खिडकीतून माझ्या आईचं नाव काढलं, आणि पाद्री सिल्व्हिओ बाटली परत मागायला आले. ती अर्धी झाली होती.

ता. क. ३ (मंगळवार) दोषाचा कागद दिला. आर्जियानं सांगितलं तसाच लिहिला: ‘चरबी मी लावली. कावळ्यांनी खाल्ली. पाणी आत गेलं.’ खाली सही केली, मला वाटलं होतं त्याहून पेन हलकं चाललं. ताईला आठवत असेल की तुम्ही मला केबलबद्दल काही विचारलं होतं, तर तिला म्हणावं, तुझी आठवण चुकते आहे. आणि फोटो भिंतीवर लावला असेल तर काढून उलट टपाली पाठवावा. लावला नसेल तर फारच उत्तम.