घरी चल, विलर्ड

लेपँटो, आर्कान्सा
थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार

प्रिय हॉलिस,

हे पत्र रोंडा तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिच्याशीच बोलून घेते. रोंडा, तुझ्या वडिलांचा उजवा हात गेलाय आणि वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. तेव्हा मधलं काही गाळायचं नाही. माझा राग येईल तिथं थांब, घोटभर पाणी पी, आणि पुढं वाचायला लाग. वाचताना आवाज जरा मोठा ठेव. तुझ्या वडिलांना पुटपुटणारी माणसं कधीच आवडली नाहीत.

तर हॉलिस, गेल्या महिन्यात तुझ्या लेकीचा फोन आला. मी बीन्स निवडत बसले होते. मला वाटलं, तू गेलास असंच सांगायला केलाय. पण ती सांगत होती ते वेगळंच. हॉलंडची कुठलीशी कंपनी तुझ्या सगळ्या गाण्यांचा बॉक्स सेट काढतेय. आठ सीडी, जाडजूड पुस्तक, फोटो, पहिल्या रेकॉर्डपासून ते तू म्हातारपणी गायलेल्या चर्चच्या भजनांपर्यंत सगळं. त्यात एक जुनी टेप घालायची म्हणतात आणि तिच्यावर माझा आवाज आहे, म्हणून माझी सही लागते. ती सही मी करू नये, एवढंच तिला हवं होतं. फार अदबीनं बोलली पोरगी. म्हणाली, "मिस ओपल, बाबांची आयुष्यभराची कमाई आहे हो ती. आता शेवटी शेवटी लोकांनी त्यांना चोर म्हणावं असं वाटतं का तुम्हाला?" विचार करते म्हटलं आणि फोन ठेवला. विचार कसला करणार होते, पण ती रडायच्या बेतात होती, आणि दुसऱ्याच्या लेकीला फोनवर रडवणं मला जमत नाही.

तुला आठवतं का, त्या टेपवरचं, पुढं तुझ्या नावावर गाजलेलं ते गाणं मुळात गाणं नव्हतंच. ती हाक होती. कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बंद असायची आणि माझा धाकटा भाऊ विलर्ड पिशवी गळ्यात अडकवून कुठंतरी रांगेत झोपून जायचा. दुपारी बांधावर उभं राहून त्याला जेवायला हाक मारायची ती मी. हाक लांब जावी म्हणून शेवटाला आवाज मुद्दाम फोडायचा, हे मला आईनं शिकवलं होतं. घरी चल, विलर्ड. त्याच्यापुढं मी यमकं जुळवली, तू गिटारीवर तीन सूर धरलेस, आणि शनिवारी रात्री हायवेवरच्या त्या पत्र्याच्या गुत्त्यात आपण ते म्हणून दाखवलं तेव्हा मालकानं बाटल्या ठेवायची फळी घट्ट धरून ठेवली होती, इतकी माणसं नाचत होती. तू तेव्हा गाणारा नव्हतास. तू गिटार वाजवायचास आणि मधे मला दम खायला मिळावा म्हणून एखादं संथ गाणं म्हणायचास. बाया पाणावलेल्या डोळ्यांनी ऐकायच्या आणि पुरुष बिअर आणायला जायचे.

मग आपण मेम्फिसला गेलो. टायरच्या दुकानामागचा तो स्टुडिओ, आणि मिस्टर ग्रीली. घामेजलेला माणूस, तोंडात सतत चिरूट. टेप महाग म्हणून एकाच टेपवर पुन्हा पुन्हा गाणं चढवायचा, आधीचं पुसून टाकायचा. मी ते गाणं किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही, पण दर वेळी आधीपेक्षा बरं होत गेलं. शेवटी त्यानं काचेपलीकडचं बटण दाबून सांगितलं, "पोरी, अशी किंचाळलीस तर रेडिओवर कोण लावणार? बायका अशा गात नाहीत." मी म्हटलं, "मग आत्ता कोण गातंय?" त्यावर सगळे हसले, तूही हसलास. ग्रीली मात्र म्हणाला, "हॉलिस, तू म्हण. ती म्हणते तस्संच म्हण." आणि विलर्डच्या जागी त्यानं लोरीन हे बाईचं नाव घालायला लावलं, कारण पुरुषानं पुरुषाला घरी चल म्हटलेलं दुकानदारांना चालणार नाही.

मी तुला शिकवलं. कोणी माझ्या छातीवर बंदूक ठेवली नव्हती. तू विचारलंस श्वास कुठं घेतेस गं, आणि मी दाखवलं. आवाज कुठं फोडायचा, कुठं धरायचा, पाय कधी आपटायचा, सगळं. आपलं लग्न ठरल्यातच जमा होतं, मला वाटलं कोणाच्या तोंडून का निघेना, गाणं घरातच राहतंय. मला त्याची लाज वाटत नाही आणि पश्चात्तापही नाही. लबाडी माझ्या बाजूनं नव्हती. रेकॉर्डवर एकट्या हॉलिस टकेटचं नाव आलं, तू टेक्सासच्या दौऱ्यावर गेलास, तिथून कॅलिफोर्नियाला, आणि तिथून मला एक संत्र्यांच्या बागेचं पोस्टकार्ड पाठवलंस. त्या संत्र्यांचं मी काय करायचं होतं?

झुरत बसले असं समजू नकोस. व्हर्ननसारखा नवरा तुझ्या गिटारीतून निघाला नसता. तो कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा, बोलायचा कमी, आणि त्याच्या जुन्या पिकअपमध्ये तुझं गाणं लागलं की माझ्याकडे न बघता रेडिओ बंद करायचा. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. बसमधल्या पोरांना मात्र मी तुझं गाणं लावू द्यायची, कारण ती सगळी मिळून ते म्हणायची आणि फार वाईट म्हणायची. गाडी बाजूला घेऊन मी त्यांना सांगायची, अरे गळ्यातून नाही, पोटातून. त्यांना वाटायचं, मिस ओपलला टकेटचं फार वेड आहे. मी तसंच वाटू दिलं.

पण विलर्डचं काय? तो बिचारा कॉफीच्या टपरीवर दर सकाळी सांगायचा, "गाण्यातली ती लोरीन म्हणजे मीच." आधी लोक हसले, मग त्याचं नावच मिस लोरीन पडलं. सहा फूट उंच, ट्रॅक्टर चालवणारा माणूस, नातवंडं असलेला, आणि गावभर मिस लोरीन. त्यानंही शेवटी हसण्यावारी नेलं. या वसंतात तो गेला. शवपेटीपाशी उभा राहून टपरीवरचा हर्शेल म्हणाला, "निघालीस होय गं, मिस लोरीन?" आणि रडता रडता सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन बुटांसकट पलंगावर बसले तेव्हा मला असा संताप आला की काय सांगू. माणूस आयुष्यभर खरं बोलला आणि थट्टेचा धनी होऊन मातीत गेला.

आता ऐक. कंपनीचा माणूस माझ्याकडे येऊन गेला. रुबेन नाव त्याचं, काटकुळा, फार सभ्य. माझा मक्याचा कॉर्नब्रेड त्यानं हातानं न खाता काटाचमच्यानं खाल्ला. तुझ्या आठही सीडींची त्यानं मला ओळख करून दिली. तुझं साटिनच्या विजारीतलं नाचाच्या गाण्यांचं पर्वसुद्धा घातलंय रे त्यांनी. मी म्हटलं, एवढं काढून टाका, माणसाला काही इज्जत असू द्या. तो म्हणाला, नाही मॅडम, सगळं म्हणजे सगळं. मग त्यानं माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले.

हॉलिस, ती मुलगी कोण होती? मला वाटलं होतं की मी तिला ओळखते, इतकी वर्षं तिचीच तर बाजू मनातल्या मनात लढवत आले. पण आठवणीत ती एवढी चांगली गात नव्हती. मी तिला थोडी लहान करून ठेवली होती, जगायला सोपं जावं म्हणून. तिनं विलर्डला हाक मारली आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले, रुबेनसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मग ग्रीलीचा आवाज आला, सगळ्यांचं हसणं आलं, आणि मग तुझा. तू श्वासाचं विचारतोस तेव्हा तुझ्या आवाजात काय आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तू घाबरलेला होतास.

मी सही केली. रोंडा, इथं थांबायचं असेल तर थांब. सही झाली, कागद हॉलंडला पोचला, आणि आता तू, तुझा वकील किंवा तुमच्या चर्चचं अख्खं मंडळ गुडघ्यांवर बसलं तरी तो परत येत नाही. पुस्तकात माझं नाव येणार, गाणं कोणी रचलं ते येणार, आणि विलर्ड कोण होता हेही येणार. ते पान मी कॉफीच्या टपरीवर हर्शेलच्या नाकासमोर भिंतीला चिकटवणार आहे. लोक तुझ्या वडिलांना चोर म्हणतील का? काही म्हणतील. मीही पुष्कळदा म्हटलंय, भांडी घासताना, बस चालवताना, एकदा तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना. पण त्यांची पुढची गाणी त्यांचीच आहेत, चांगली आहेत, आणि त्यांना माझ्या गप्प बसण्याचा टेकू लागत नाही. लागत असेल तर ती पडलेलीच बरी.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण नुसती सही कळवायची असती तर पोस्टकार्डावर भागलं असतं. रुबेन निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, ग्रीली तर सगळं पुसायचा, मग ही टेप राहिली कशी? तो म्हणाला, ती स्टुडिओत नव्हतीच. जूनमध्ये तो तुझ्याकडे आला होता, तुला अर्धांगाचा झटका यायच्या आधी, तेव्हा तू स्वतः कपाटातून ते रीळ काढून त्याच्या हातात दिलंस. ग्रीलीच्या टेबलावरून उचललं होतंस म्हणे, त्याच दिवशी, कोटाच्या आत घालून. आणि तू त्याला म्हणालास, "आधी तिचं लावा. मग माझं." रोंडा, हे तुला माहीत नव्हतं, म्हणून तुझ्यावर माझा राग नाही. हॉलिस, तुझ्यावर आहे. जे त्या परक्या पोराला एका वाक्यात सांगितलंस, ते मला सांगायला तुला साठ वर्षं पुरली नाहीत, आणि आता तुझी जीभ उचलत नाही. तरी ते मला पोचलं, एवढं तुला कळायला हवं. शनिवारी मी मेम्फिसला येतेय. रुबेननं दिलेली सीडी बरोबर आणतेय, आणि रोंडानं दार उघडलं नाही तर बांधावरून मारायची तशी हाक अंगणातून मारेन, सगळी आळी बाहेर येईल. तुझ्या उशाशी बसून ती लावणार आहे, तू सांगितलंस त्याच क्रमानं. आजवर तू गायलास आणि मी ऐकलं. आता मी गाते, तू ऐक.

तुझीच,
ओपल